बेलभाक

किल्ला कोर्टामागच्या गल्लीत
ताडपत्रीखाली माझं टेबल.
पाटीवर : मोडी वाचून मिळेल.
खाली बारीक अक्षरात : भाषांतर, पानाला ऐंशी रुपये.

दुपारी माहीमहून द्वारका सावे आल्या.
पिशवीत कागद, कागदाला डांबरगोळ्यांचा वास.
बरोबर बिल्डरच्या वकिलाचा पोरगा,
एक पाय फुटपाथवर, फोन कानाला.

बोरूने लिहिलेल्या अकरा ओळी.
तिसरीवर वाळवीने जेवण उरकलेलं.
बाकीच्या मी मोठ्याने वाचल्या :
शिवराम सावे, वाडी माहीम, लिहून देतो ऐसे जे,
मैतर दाऊद नाखवा तुफानात गेला.
त्याचे घरास माझे विहिरीचे पाणी.
विहीर आहे तोवर, वंश आहे तोवर.
येविशी बेलभाक दिली असे.

पोरगा म्हणाला, शेवटचं काय ते?
‘मेहेरबानीखातर’ लिहा ना काका. एकच ना?

एकच नाही.

मी चष्मा पुसला.
बाईंना म्हटलं, बेलाचं पान
एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं.
शब्द तोंडातून गेला की हवेचा होतो,
म्हणून हातात काहीतरी द्यायचं.
नाखव्याच्या बायकोने ते पान
ओढणीच्या टोकाला बांधलं असेल.
तिला बेलाचं काय?
पण तिला शिवराम माहीत होता.

भाक म्हणजे वचन, असं कोशात आहे.
वचन आपण मुलांनाही देतो, रविवारी राणीच्या बागेचं.
भाकेत माणूस गुंतायचा,
जाळ्यात पाय गुंतावा तसा,
आणि सुटायला धडपडायचा नाही.

आता ती एकटी कुठे दिसत नाही.
आणेचा हात धरून अनेकवचनात फिरते :
आणाभाका.
बँडस्टँडच्या खडकांवर, संध्याकाळी,
दोन महिने टिकतात.

कोशात भाक वर आहे, भाकर खाली,
आणि दोघींच्या मधे भाकड.
हे मी कुणाला सांगत नाही.
आज का सांगितलं कोण जाणे.

बाईंनी पदराने मान टिपली.
मोडली तर काय होतं?

मी कागद पुन्हा पाहिला, पाठसुद्धा.
दंड नाही. व्याज नाही. साक्षीदार दोन,
दोघांच्या सह्या म्हणजे एक नांगर, एक कोयता.
मोडली तर काय, ते कुणी लिहिलेलंच नाही.
सुचलं नसेल.

विहिरीवर पत्रा आहे हो, बाई म्हणाल्या.
टँकर बंद पडले की मुनीरा नाखवा कळशी घेऊन येते.
विचारत नाही. सरळ पत्रा सरकवते.
मला वाटायचं, काय हा आगाऊपणा.
सासूबाईंना तसं म्हटलंही एकदा.
त्या तांदूळ निवडत होत्या.
वर न बघता म्हणाल्या, ती आपल्याकडे येत नाही,
आपण तिच्याकडे आहोत.

पोरग्याने माझ्या वहीखाली
पाचशेची नोट सरकवली.
बाईंनी ती पाहिली. मीही पाहिली.
समोरच्या झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवलं.

एकतीस वर्षं मी इथे लिहितोय,
सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की,
सत्यप्रतिज्ञेवर सांगते की,
शिक्का मारून, तिकीट चिकटवून,
त्यातलं निम्मं खोटं, हे मला ठाऊक,
शिक्क्यालाही ठाऊक.
त्या नोटेत माझे दोन दिवस होते,
आणि गॅसचा नंबर लावायचा होता.

काय लिहू? मी बाईंना विचारलं.

त्या उठल्या. चप्पल शोधली टेबलाखाली.
आहे ते लिहा.
आणि दंड नाही, तेही लिहा.

मग मी सगळं उतरवलं
आणि तो शब्द तसाच ठेवला, देवनागरीत,
इंग्रजी ओळीच्या मधोमध,
ताटात खडा यावा तसा.
नोट परत केली, ऐंशी घेतले.

चौथ्या दिवशी कागद वकिलाकडून परत आला.
शब्दाभोवती लाल गोल,
समासात प्रश्न : अर्थ?

टेबलावर पडलाय, पेपरवेटखाली.
रोज सकाळी ताडपत्री बांधताना
मी तो गोल बघतो,
विहिरीसारखा,
आणि पेन उघडून
बंद करतो.